गाडीचाही डबा

मैत्रिणींनो, सकाळी घरातून निघताना आपण किती डबे भरतो? ह्यांचा एक, मुलांचे दोन आणि उरल्यासुरल्या पोळीभाजीचा आपला एक. आमच्या शाळेत मात्र गेल्या वर्षी आणखी एका डब्यावरून मोठंच रामायण घडलं. तो डबा होता गाडीचा!

मागच्या आठवड्यात वाळवणांविषयी लिहिलं होतं आणि आज ह्या बाई एकदम वायरींकडे कुठे वळल्या, असं तुम्ही म्हणाल. पण आता बॅटरीवरची स्कूटर तुमच्यापैकी कितीजणींच्या दारात उभी आहे, सांगा बरं! घरी ती चार्जिंगला कशी लावायची हे आपल्याला विकणारा सांगतो. कामाच्या ठिकाणी काय करायचं, हे कोणी सांगत नाही. तिथेच आमची फसगत झाली.

आमचं जाम म्हणजे चौरस्त्याचं गाव. नागपूर-हैदराबाद महामार्ग इथून जातो आणि चंद्रपूरचा रस्ता इथेच फुटतो. गाव लहान, रस्ता मोठा. शाळेतले निम्मेअधिक शिक्षक बाहेरगावाहून येतात. कोणी समुद्रपूरचं, बरेचसे हिंगणघाटचे, दोघं-चौघं थेट नागपूरचे. रस्त्याने बसगाड्या पुष्कळ धावतात, पण घंटेच्या वेळेवर नेमकी गाडी मिळेलच असं नाही. म्हणून हळूहळू जो-तो आपापली गाडी घेऊन येऊ लागला, आणि पेट्रोल शंभराच्या वर गेल्यापासून त्यांतल्या तीन स्कूटर आणि एक मोटार विजेवर आली.

आमच्या गणिताच्या मॅडम हिंगणघाटला भाड्याच्या घरात राहतात, तिसऱ्या मजल्यावर. गाडीची बॅटरी काढून वर नेता येत नाही, आणि खाली वाहनतळात घरमालकांनी दिलेला पॉइंट त्यांनी दोन महिन्यांत बंद केला. 'शॉर्टसर्किट झालं तर?' म्हणाले. खरं कारण विजेच्या बिलाचं असावं, पण भाडेकरूने वाद किती घालायचा? तेव्हा ह्या बाईंना गाडी भरायला जागा एकच उरली, शाळा. प्रयोगशाळेच्या खिडकीतून एक एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर काढायचा, वायर कडुनिंबाखालच्या गाडीपर्यंत न्यायची आणि दुपारच्या सुट्टीत गुंडाळून ठेवायची. कोणाला विचारलं नव्हतं. विचारायला जावं, तर 'नाही' ऐकावं लागेल ही धास्ती. मग दुसऱ्या मॅडमनीही त्याच बोर्डाला आपली गाडी लावायला सुरुवात केली.

मी स्वतः त्या वायरीवरून कितीदा तरी पाय उचलून गेले आहे. मला काय त्याचं, असंच वाटायचं.

एप्रिलातल्या एका दुपारी सातवीची मुलं ओरडत आली, "मॅडम, काहीतरी जळून राहिलं!" पाहतो तर बोर्ड वितळून चपटा झालेला, पिना काळ्या पडलेल्या आणि खिडकीचा पडदा हातभर अंतरावर लोंबतोय. शिपाईदादांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून निभावलं. मुख्याध्यापकांनी त्याच संध्याकाळी सूचना लावली : शाळेत कोणीही खाजगी वाहन चार्जिंगला लावू नये.

खरं सांगते, त्यांचं चुकलं नव्हतं. "मॅडम, उद्या पोरांच्या जिवावर बेतलं तर जाब मला विचारतील," ते म्हणाले. पण इकडे गणिताच्या मॅडम स्टाफरूममध्ये डोळे पुसत बसल्या. सकाळी लेकराला सोडायचं, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं आणि घंटेआधी शाळा गाठायची. त्या गाडीवर त्यांचं सगळं वेळापत्रक टांगलेलं. "नोकरीच सोडते आता," म्हणाल्या. एका प्लगापायी बाईची नोकरी जाणार, हे मात्र मला काही पटेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही हिंगणघाटहून परवाना असलेले वायरमन बोलावले. त्यांनी बोर्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "गाडीले कायले बदनाम करता जी? गाडीनं काही नाही केलं. हे या बोर्डानं केलं न."

त्यांनी समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण घरातही उपयोगी पडेल. स्कूटरचा चार्जर साधारण सातशे ते नऊशे वॉटचा असतो, म्हणजे आपल्या इस्त्रीच्या जवळपास. पण इस्त्री आपण अर्धा तास लावतो आणि तीही मधूनमधून बंद होते. स्कूटर तीन-चार तास एकसारखी वीज ओढते. सहा अँपिअरच्या सैल बोर्डावर दोन गाड्या लावल्या म्हणजे दोन इस्त्र्या तासन्‌तास सुरू ठेवल्या. त्यात वायर वेटोळं घालून ठेवलेली, म्हणजे तिची उष्णता तिच्यातच कोंडलेली. वर आमच्या वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा, मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो! आणि मोटारीचं तर विचारूच नका. तिला साध्या पंधरा-सोळा अँपिअरच्या पॉइंटवर लावली तरी ती ३.३ किलोवॉट घेते, म्हणजे मोठा गीझर चार तास चालू ठेवल्यासारखं. आपण गीझर कधी एक्स्टेन्शन बोर्डावर लावतो का? मग गाडी का लावायची?

हे आमच्या मनचं नाही बरं का. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये सुरक्षेच्या नियमांत विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगची तरतूद घातली. तिच्यात जादा वायर जोडून चार्जिंग करायला मनाई आहे, आणि पॉइंट जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे पावणेतीन फूट उंच हवा असं म्हटलं आहे. पावसाचं पाणी साचलं तरी पॉइंटपर्यंत पोचू नये, हा त्यातला हेतू.

मग हा विषय संस्थेच्या बैठकीत गेला. मी अर्धवेळ शिक्षिका, मला तिथे बोलण्याचा हक्क नाही, पण मुख्याध्यापकांनी हिशेब मांडायला म्हणून मला बसवून घेतलं. पेट्रोलच्या गाडीवर येणारे एक सर म्हणाले, "शाळेच्या तेलानं घरचा दिवा लावायचा, हे कुठल्या शास्त्रात बसतं?" सगळे हसले. पण बोलणं खरंच होतं, आणि ते बोलले म्हणून पुढचा मार्ग निघाला. वीज फुकट नकोच आहे, मोजून पैसे देऊ, असं आम्ही तिथेच सांगून टाकलं. तोवर चोरून चाललं होतं म्हणून कोणाला हिशेब मागता येत नव्हता, आणि बोर्ड बदला असंही म्हणता येत नव्हतं.

दुसरा आक्षेप निघाला नागपूरचा. तिथे २६ मे २०१७ रोजी नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते ओला कंपनीच्या विजेवरच्या टॅक्सींचा मोठा गाजावाजा करून प्रारंभ झाला होता. महिंद्राच्या मोटारी, चार्जिंगची केंद्रं, दोनशे वाहनांची योजना. त्याच नोव्हेंबरात इंडियन ऑइलच्या नागपुरातल्या एका पंपावर चार्जिंग केंद्रही निघालं. पण २०१८ उजाडताच बातम्या आल्या, की चार्जिंगच्या रांगेत तास-तास जातात म्हणून कित्येक चालक मोटारी परत करायला निघाले आहेत. "तिथे एवढ्या मोठ्या कंपनीला जमलं नाही, आपण काय करणार?" असं बैठकीत एकाने विचारलं.

मला वाटतं, नेमकं इथेच आपलं नि त्यांचं अंतर आहे. टॅक्सी उभी राहिली की चालकाची त्या तासाची भाकरी बुडते. आमच्या गाड्या तर साडेदहा ते पाच कडुनिंबाखाली नुसत्या उभ्याच असतात! त्यांना कसली घाई? म्हणून जलद चार्जर नावाचं लाखांच्या घरातलं यंत्र कामाच्या ठिकाणी लागतच नाही. ते महामार्गावर हवं, कारण वाटसरूला थांबायला वेळ नसतो. आपल्याला मंद आचेवरचा वरणभात पुरे.

हिशेब असा मांडला. विज्ञानाचे सर नागपूरहून मोटारीने येतात, वाटेत तिघी मॅडमना घेऊन. एक फेरी पासष्ट-सत्तर किलोमीटरची. बॅटरी लहान, त्यामुळे उन्हाळ्यात जाऊन-येऊन काठावर पुरते. परतीला सर एसी बंद करायचे आणि मागे बसलेल्या तिघी घामाने निथळत घरी जायच्या. मोटार एका युनिटमध्ये सुमारे सात किलोमीटर जाते असं धरलं तर येतानाचे दहा युनिट खर्च झाले. ३.३ किलोवॉटच्या साध्या पॉइंटवर ते तीन-साडेतीन तासांत भरून येतात. स्कूटर तर एका युनिटमध्ये तीसेक किलोमीटर जाते. गणिताच्या मॅडमची रोजची धाव तेवढीच. महिन्याला पंचवीस युनिट झाले. दहा रुपये दराने धरले तरी अडीचशे रुपये, आणि तेवढ्याच अंतराला पेट्रोलचे साडेसतराशेच्या घरात जातात. बैठकीत हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा ते तेलाचा दिवा म्हणणारे सर खिशातून पेन काढून उतरवून घेत होते!

आता प्रत्यक्ष काय केलं ते सांगते. आधी शाळेचं बिल काढून त्यावरचा 'मंजूर भार' पाहिला. हा आकडा आपल्या घरच्या बिलावरही असतो, पण आपण फक्त शेवटची रक्कम पाहतो. पंखे, संगणकांची खोली, पाण्याची मोटर यांतच तो जवळजवळ संपत होता. म्हणून महावितरणकडे अर्ज देऊन तो वाढवून घेतला. पाण्याची मोटर सकाळीच चालवायची आणि गाड्या अकराच्या पुढे लावायच्या, असंही ठरवलं.

मेन बोर्डापासून गाड्यांसाठी स्वतंत्र वायर ओढली, तांब्याची, ४ चौरस मिलिमीटर जाडीची. मोटारीला घट्ट बसणारा औद्योगिक पद्धतीचा सोळा अँपिअरचा पॉइंट, स्कूटरना तीन वेगळे पॉइंट. प्रत्येकाला आपापला एमसीबी, म्हणजे एका गाडीत बिघाड झाला तर तिचीच वीज जाते. शिवाय आरसीसीबी नावाचं एक बटण येतं. ३० मिलिअँपिअरइतकी वीज कुठे गळली, म्हणजे ओल्या हाताने कोणी धरलं किंवा गाडीच्या अंगात उतरली, तरी ते क्षणात बंद पडतं. मैत्रिणींनो, हे घरीही बसवून घ्या. आणि त्यावर 'टेस्ट' लिहिलेली एक छोटी कळ असते, ती महिन्यातून एकदा दाबून पाहा. दाबल्यावर वीज गेली पाहिजे. न गेली तर ते शोभेचं बटण झालं आहे असं समजा.

सगळ्यात जास्त घोळ झाला अर्थिंगचा. आमची काळी माती. पावसात लोण्यासारखी, उन्हाळ्यात कोरडी पडून हात जाईल एवढ्या भेगा. जुन्या अर्थिंगचा खड्डा असाच सुटला होता. गाड्यांच्या चार्जरना अर्थिंग नीट मिळालं नाही तर कित्येक गाड्या चार्जच होत नाहीत, लाल दिवा दाखवतात. आम्ही गाडीच बिघडली समजून बसलो होतो! नवा खड्डा करून घेतला, आणि आता मार्च लागला की शिपाईदादा तुळशीबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी घालतात. (तांब्याभर कसलं, बादलीभर लागतं.)

एकूण खर्च सोळा हजारांच्या आसपास आला. निम्मा संस्थेने दिला, कारण वायर आणि अर्थिंग शाळेचंच राहणार. उरलेला आम्ही चौघांनी, म्हणजे गाडीवाल्यांनी भरला. 'आम्ही' म्हणते आहे, पण त्यांतली एक स्कूटर माझी हे आधी सांगायचं राहिलंच की! मीही निःस्वार्थ नव्हते.

पैशांच्या बाबतीत पहिल्या महिन्यात आम्ही चुकलो. चारही पॉइंटना मिळून एकच मीटर लावला आणि बिल चौघांत सारखं वाटलं. मग काय, भांडण! "माझी गाडी तासभर, तुमची मोटार चार तास, आणि पैसे सारखे?" शेवटी प्रत्येक पॉइंटला छोटा मीटर बसवला. शेजारी वही टांगली : तारीख, लावतानाचा आकडा, काढतानाचा आकडा, सही. दर ठरवला तो शाळेच्याच बिलावरून. एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागायचं. त्यात शाळेला नफा नाही आणि तोटाही नाही. पैसे पाच तारखेच्या आत कार्यालयात भरून पावती घ्यायची.

कायद्याची भीती बैठकीत पुष्कळ दाखवली गेली, म्हणून तेही सांगते. आपली गाडी घरी किंवा कार्यालयात, असलेल्या वीजजोडणीवरच चार्ज करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली आहे. आणि आपल्या राज्यात वीज नियामक आयोगाने ठरवल्याप्रमाणे, स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर त्या जागेला जो दर आहे तोच लागतो. रस्त्यावरच्या लोकांना पैसे घेऊन चार्जिंग द्यायचं झालं, तर ते चार्जिंग स्टेशन झालं. त्याला परवाना लागत नाही, हे २०१८ मध्येच स्पष्ट झालं, पण त्याचा मीटर वेगळा आणि दरही वेगळा. महामार्गालगतची शाळा म्हणून दोन-तीन मोटारवाले फाटकात येऊन विचारून गेले. आम्ही हात जोडले.

तुमच्यापैकी ज्या बँकेत, पतपेढीत, दवाखान्यात किंवा शिवणकामाच्या कारखान्यात जातात, त्यांनी एकटीने जाऊन साहेबांच्या पुढे उभं राहू नये. दोघी-तिघींनी मिळून लेखी अर्ज द्यावा. आम्ही लिहिला तो साधारण असा होता : "आम्ही खाली सह्या करणारे कर्मचारी विजेवरील वाहनाने कामावर येतो. वाहन कामाच्या वेळात उभे असताना चार्ज करण्यासाठी स्वतंत्र वायर व मीटर असलेला पॉइंट परवानाधारक वायरमनकडून बसवून मिळावा. वापरलेल्या विजेचे पैसे आम्ही दरमहा मीटरप्रमाणे भरू." अर्जाला वायरमनचं अंदाजपत्रक जोडावं. वीज 'मागत' आहात असं वाटलं की उत्तर 'नाही' येतं, आणि कागदावर आकडा दिसला की साहेब निदान विचार करतात.

घरी चार्जिंगची सोय असेल त्यांनी आणखी एक पाहावं. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. शंभर युनिटांच्या आत राहणारं घर गाडीच्या पंचवीस युनिटांमुळे पुढच्या टप्प्यात गेलं, तर वरच्या त्या युनिटांना चढा दर बसतो. आणि १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेच्या वापराला सवलत देण्यात आली, कारण दिवसा सूर्याची वीज भरपूर असते. गंमत बघा, नेमक्या त्याच वेळात गाडी आपल्याबरोबर कामावर असते!

माझी मावसबहीण कॅनडात विनिपेगला असते. तिला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, आमच्याकडे ऑफिसच्या वाहनतळात विजेचे पॉइंट पूर्वीपासूनच असतात." मला नवल वाटलं. तिथे थंडी एवढी, की पेट्रोलच्या गाडीचं इंजिन गोठून सुरूच होत नाही. म्हणून लोक गाडीला छोटा हीटर लावून तो दिवसभर पॉइंटला जोडून ठेवतात. त्यांना गारठ्यापायी जमलं, आम्हाला उकाड्याने अडवलं!

आणि उकाडा अजून सुटलेला नाही. भर उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, बॅटरी अर्धा-पाऊण तास निवू द्यावी. आमचा कडुनिंब सकाळी सावली देतो, पण दुपारी दोननंतर ती सरकून थेट मुलांच्या पाणपोईवर जाते आणि गाड्या उन्हात पडतात. पत्र्याची शेड घालायची तर संस्थेकडे पैसे नाहीत. मुख्याध्यापक म्हणाले, "आधी पोरांच्या सायकलींना शेड, मग तुमच्या गाड्यांना." ह्यावर काय बोलणार? गणिताच्या मॅडमनी घरून एक जुनी सतरंजी आणली आहे. बोर्डाकडे एकही टोक येऊ न देता ती दोन फांद्यांना बांधायची. दोन वाजले की त्यांच्या तासाला कोणीतरी मूल हळूच आठवण करतं, "मॅडम, सतरंजी!"